डावरीची बाजू

धुकं इतकं दाट पडलं होतं की समोरचं वेल्डरचं दुकान जागेवर आहे की रातोरात कुणी उचलून नेलंय, कळायला मार्ग नव्हता. डावरीने शेडचं शटर वर ढकललं. आत उभ्या असलेल्या लांबुडक्या पांढऱ्या गाडीच्या अंगावरून तळहात फिरवला आणि ओला झालेला हात बघून तोंड वाकडं केलं.

"रात्रभर पोहत होतीस काय गं?" ती गाडीला म्हणाली.

पत्र्याला घाम फुटला की रंग धरत नाही. त्यात थंडीत ऑइलपेंट असा हट्टाला पेटतो की डब्यात काडी उभी केली तर उभीच राहते. डावरीने मागच्या स्वयंपाकघरातून कोमट पाण्याचं पातेलं आणलं, रंगाचे डबे त्यात गळ्यापर्यंत बसवले, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं आणि जुन्या बनियनच्या मऊ चिंधीने पत्रा पुसायला घेतला. न्हालेल्या लेकराचं अंग पुसावं तसा. पण पुसला तो डाव्या अंगाचाच. उजव्या अंगाकडे ती फिरकली नाही. तिकडे खुर्ची टाकून तिचा नवरा बसला होता, शाल पांघरून, डाव्या हातात चहाचा कप धरून, पहारेकऱ्यासारखा.

"माझ्या बाजूला चिंधी लागली नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही लागली. तुमच्या बाजूला वारासुद्धा तुम्हाला विचारून लागतो."

गाव त्याला 'पेंटर' म्हणतं आणि तिला 'डावरी'. खरं तर दोघंही पेंटर. पण तो रंगवायचा उजव्या हाताने, त्यात कुणाला काही नवल वाटलं नाही, म्हणून त्याला धंद्याचं नाव मिळालं. ती रंगवते डाव्या हाताने, म्हणून तिला हाताचं नाव पडलं. तिला त्याचा राग नाही. "हाताचं ठेवलं, नाकाचं नाही ठेवलं, उपकार समजा," असं ती म्हणते, आणि तिचं नाक पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटतं.

शाळेत बाईंनी तो हात वळवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पट्टीने बोटं लाल केली, पण हात काही वळला नाही. अडचण वेगळीच होती. डाव्या हाताने लिहीत पुढे जावं तर मागची ओली अक्षरं मनगटाखाली येऊन पुसली जात. वहीभर शाईचा चिखल. मग पोरीने स्वतःच तोड काढली. ओळीतला शेवटचा शब्द आधी लिहायचा, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्याही अलीकडचा. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण वही स्वच्छ निघाली.

पुढे पाट्या रंगवायला लागली तेव्हाही तिची तीच रीत. आजही ती पाटी शेवटच्या अक्षरापासून रंगवते. येणारे-जाणारे थांबून अंदाज लावत बसतात, पाटी काय निघणार म्हणून. एकदा किराणावाल्याच्या दारावर 'सोमवारी दुकान बंद' लिहायचं होतं. डावरीने लालभडक 'बंद' रंगवला आणि जेवायला गेली. दुपारी किराणावाला धापा टाकत दारात.

"अगं डावरे, सकाळपासून गिऱ्हाईक पायरीवरून परत चाललंय! मेलोबिलो की काय म्हणून विचारायला लागलेत लोक!"

"एवढा घास संपवते," ती म्हणाली, "मग उघडते तुमचं दुकान."

पण पाट्या हे तिचं पोटापुरतं काम. तिचा जीव गाड्यांवरच्या वेलबुट्टीत. ट्रक, टेम्पो, शाळेच्या बस, हलवायाच्या हातगाड्या, जे चाकावर चालतं ते या नवरा-बायकोच्या हाताखालून गेलेलं. त्यांची गाडी लांबून ओळखू येते, आणि का ओळखू येते ते त्या धंद्यातल्या माणसालाच कळतं.

रेघ ढकलायची नसते, ओढायची असते. उजव्या हाताचा माणूस ती डावीकडून उजवीकडे ओढतो, डावरा माणूस उजवीकडून डावीकडे. आता गाडीच्या डाव्या अंगासमोर उभे राहा. गाडीचं तोंड तुमच्या डाव्या हाताला येतं. उजव्या अंगासमोर उभे राहिलात तर उजव्या हाताला. म्हणजे डावरीने डाव्या अंगावर ओढलेला वेल शेपटापासून तोंडाकडे धावतो, आणि पेंटरने उजव्या अंगावर ओढलेला वेलही शेपटापासून तोंडाकडेच. एकट्यादुकट्या रंगाऱ्याला हे साधत नाही. त्याचा एका अंगाचा वेल गाडीबरोबर पुढे निघतो आणि दुसऱ्या अंगाचा काहीतरी विसरल्यासारखा मागे पळतो. नाहीतर मग ढकलून ढकलून काढलेला, दम लागलेल्या माणसाच्या चालीसारखा. या दोघांचे वेल मात्र जोडीने धावत येऊन बॉनेटवर एकमेकांना भेटायचे.

त्यात त्यांची शर्यत असायची. दोघं एकदमच शेपटाकडून सुरुवात करत. मधे अख्खी गाडी, एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसती बडबड ऐकू येते. जो आधी बॉनेटला पोहोचेल त्याने मधली कळी काढायची. आणि एकाने दुसऱ्याच्या बाजूला ब्रश लावायचा नाही, हा कायदा. एकदा दोघांचा अबोला होता तेव्हाही काम असंच झालं. दोन्ही वेल बॉनेटपर्यंत आले आणि थांबले. कळी कुणी काढायची हे विचारणार कोण? ती गाडी बिनकळीचीच गेली. मालक नंतर चार लोकांत सांगत फिरला की सध्या अशीच फॅशन आहे.

मग मागच्या उन्हाळ्यात पेंटर फळीवरून पडला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं रुसली. कप धरता येतो, कुलपात किल्ली फिरते, पण बारीक ब्रश बोटांच्या चिमटीत ठरत नाही, गळून पडतो. त्या दिवसापासून गाड्या बंद. कुणी गाडी घेऊन आलं की पेंटर खुर्चीतूनच मान हलवायचा. "माझी बाजू रंगवायला माणूस नाही," म्हणायचा. डावरी पाट्या रंगवत राहायची. पण प्रत्येक परत गेलेल्या गाडीमागे नवरा त्या खुर्चीत थोडा थोडा मुरत चाललाय, हे तिला दिसत होतं.

अशात एक दिवस नर्सबाई आल्या. पेंटरचं प्लास्टर त्यांनीच कापलं होतं. आता नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या आणि दवाखान्याने मोडीत काढलेली एक जुनी अँब्युलन्स विकत घेऊन बसल्या होत्या. आतलं स्ट्रेचर काढून दोन पलंग टाकलेले, शेगडी, पाण्याची टाकी, पडदे. दुधी काचा काढून स्वच्छ काचा बसवलेल्या.

"हयात गेली या डब्यात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा हात धरून बसायचं आणि 'आलंच हं, आलंच' म्हणायचं. कुठून चाललोय ते एकदा दिसलं नाही मला. आता बहिणीला घेऊन निघणार आहे. सगळं खिडकीतून बघत."

"मग वेलबुट्टी कशाला? नुसता रंग पुरे की," पेंटर म्हणाला.

"अहो, ही गाडी दिसली की लोक वाट सोडतात आणि तोंड पाडतात. आम्हा दोघी बहिणींना बघून कुणीतरी हसायला नको का?"

डावरीला बाई तिथेच आवडली. तिने गाडी ठेवून घेतली. पेंटरने हरकत घेतली नाही, फक्त अट घातली. "डावी बाजू तुझी, तू रंगव. माझी कोरी राहू दे."

नर्सबाईंनी ते ऐकलं आणि सरळ सांगितलं, "एका अंगाने बाग आणि दुसऱ्या अंगाने दवाखाना, असं नको बाई मला. नाही जमलं तर तेवढ्या बाजूला मी फुलांचे स्टिकर लावून घेईन."

"लावा," पेंटर म्हणाला.

डावरीने हातातला डबा खाली ठेवला. स्टिकरवाल्याचं दुकान रस्त्यात लागतं म्हणून जो माणूस लांबच्या वाटेने बाजारात जायचा, तो 'लावा' म्हणाला होता, तेसुद्धा आवाज न चढवता. त्याच्या बाजूवर एकदा स्टिकर चढला की हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे तिला तेव्हाच कळून चुकलं.

तिने शेडमागे पडलेल्या एका मोडक्या दारावर चोरून हात चालवून पाहिला होता. उजव्या अंगाचा वेल, शेपटाकडून तोंडाकडे. डाव्या हाताने तो ढकलावा लागत होता. रेघ अडखळत होती, जाडबारीक होत होती. पाठीमागून आवाज आला, "हा वेल नाही, हा पिऊन घरी निघालाय." पेंटर कधी येऊन उभा राहिला होता, तिला कळलंच नव्हतं. "जाऊ दे. तुझं काम नाही ते," म्हणाला आणि निघून गेला. तोंडाकडून शेपटाकडे ओढला असता तर रेशमासारखा आला असता, पण मग एक वेल पुढे आणि एक मागे. गाडी निघणार की राहणार याच विचारात पडल्यासारखी दिसली असती. असलं काम तिच्या हातून व्हायचं नाही.

आता आजचा दिवस संपला की उद्या सकाळी नर्सबाई निघणार होत्या.

धुकं विरलं, ऊन शेडच्या दारात आलं आणि पत्रा कोरडा झाला. डावरीने दोरीला खडूची पूड चोळली, एक टोक मागच्या दाराच्या बिजागरीला बांधलं, दुसरं पुढे ताणून धरलं आणि मधे चिमटीत उचलून सोडलं. टण्ण. पत्र्यावर पांढरी सरळ खूण उमटली. वेल कितीही वळणं घेऊ दे, त्याला माघारी यायला एक सरळ वाट लागते, ती ही. समोरून, बॉनेटवरूनही, तिने मधोमधपर्यंत दोरी मारली. मधोमधपर्यंतच.

मग लांब केसांचा ब्रश कोमट रंगात बुडवून फरशीच्या तुकड्यावर उलटसुलट फिरवला, केस एकजीव झाले तसा उचलला. करंगळी पत्र्यावर टेकवली आणि निघाली. डावरीला रेघ ओढताना बघावं. हात फार हलत नाही, बाई हलते. पाय एकापुढे एक आडवे सरकतात, कंबर वळते, श्वास वळणाच्या आधी घेतलेला असतो आणि वळण संपल्यावर सुटतो. हिरवी रेघ मागच्या चाकावरून कमान करून चढली, खिडकीखाली उतरली, दाराच्या फटीवरून अशी गेली की फट तिला लागलीच नाही. ब्रश भरायला ती थांबे, तीही वळणाच्या आडोशाला, जिथे नंतर पान येऊन सांधा झाकेल. समोरून वेल्डर बघत होता. हातातली वेल्डिंगची कांडी त्याने तशीच धरून ठेवली होती.

"वहिनी, आज शर्यत कुणाशी?" त्याने तिकडून ओरडून विचारलं.

डावरीने श्वास धरलेला होता.

ती हेडलाइटला वळसा घालून बॉनेटवर आली. रेघ अंगात आली होती. ब्रश भरलेला, रंग हवा तसा पातळ, मनगट मोकळं. पुढे मधोमध खडूची खूण संपत होती. तिथे थांबायचं, कळीपुरती जागा सोडायची, हे हाताला न सांगता माहीत होतं. आणि त्या दिवशी हात थांबला नाही. खूण संपली, पांढरा कोरा पत्रा लागला, आणि हिरवी रेघ तशीच वळण घेत पलीकडे गेली.

"ए! ए! थांब!" पेंटर ओरडला. कप खाली ठेवायचा राहिला, चहा शालीवर सांडला. "माझी बाजू आहे ती!"

डावरी उजव्या हेडलाइटपाशी थांबली. श्वास सोडला.

"मधे थांबायचं ठरलेलं आहे आपलं," तो म्हणाला.

"ठरलेलं दोघांचं असतं," ती म्हणाली. "समोरून कुणी येत होतं का?"

पेंटर शालीवरचा चहा पुसू लागला. डावरीला आपण बोललो ते टोचलं, पण बोललेलं काही चिंधीने पुसता येत नाही. ती ब्रश हातात धरून उभी राहिली. मग तोच म्हणाला, "म्हणजे आता वेल मागे जाणार. माझ्या अंगाने मागे."

"मागे कशाला? नीट बघा तरी." तिने ब्रशच्या दांडीने हवेतच दाखवलं. "इकडून पुढे आला, तोंडावरून वळला, तुमच्या अंगाने जाईल, मागच्या दारावरून वळेल आणि पुन्हा जिथून निघाला तिथे येऊन मिळेल. सगळीकडे उजवीकडून डावीकडेच आहे. कुठेच ढकलायला नको. दोन वेल नाहीतच, एकच आहे."

पेंटर गाडीकडे बघत राहिला. बोट हवेत धरून त्याने गाडीला एक फेरा मारल्यासारखं केलं, एकदा, मग पुन्हा. डावरीला वाटलं, आता हा उठून आत जाणार आणि दार लावून घेणार. ती वाट बघत राहिली आणि शेवटी, ब्रशवरचा रंग सुकायला लागला म्हणून, तिने करंगळी उजव्या अंगाच्या पत्र्यावर टेकवली.

"दोरी?" पेंटर म्हणाला.

"काय?"

"दोरी कुठे मारलीस? खुणेशिवाय रेघ ओढणार? एवढ्या लांब पत्र्यावर? वेड लागलंय का बाई तुला? मधेच खाली उतरून टायरात जाईल वेल!"

"मग काय करू? एकटीला या बाजूला दोरी बांधायला बिजागरी नाही."

पेंटर खुर्चीतून उठला. पुटपुटत, शाल एका खांद्यावर लोंबत असलेली. त्याने दोरीचं टोक उचललं, शेपटाकडे गेला आणि डाव्या हाताने टोक पत्र्यावर दाबून धरलं. एक डोळा मिटून तिरप्या मानेने बघितलं.

"वर घे. अजून थोडं. अगं वर म्हणजे आभाळात नाही! हां. मार."

टण्ण.

त्यानंतर रेघ कशी गेली ते वेल्डर अजून सांगतो. उजव्या अंगाने ती जशी गेली तशी डाव्या अंगानेही नव्हती गेली, असं त्याचं म्हणणं. पेंटर तिच्या पुढे पुढे उलट्या पावलांनी चालत होता, फरशीचा तुकडा आणि डबा तिच्या हाताशी धरून, आणि तोंडाने चालूच, "भर आता, भर, नको, हं, वळव." मागचं दार ओलांडून रेघ पुन्हा डाव्या अंगाला आली आणि सकाळच्या सुरुवातीला अशी मिळाली की सांधा शोधायला डोळे फोडावे लागले असते.

राहिली पानं-फुलं. ती शेकडो. डावरीने मागच्या चाकाजवळून सुरुवात केली. पेंटर थोडा वेळ बघत उभा राहिला.

"तू एकटी काढत बसलीस तर नर्सबाई पुढच्या थंडीत निघतील," म्हणाला.

आत जाऊन तो प्रायमर लावायचा रुंद चपटा ब्रश घेऊन आला. त्याचा दांडा जाड. उजव्या मुठीत त्याने तो सुऱ्यासारखा धरला, हिरव्यात बुडवला आणि येऊन तिच्या शेजारी बसला.

"तुमची बाजू पलीकडे आहे," डावरी म्हणाली.

"आता कसली माझी आणि कसली तुझी? हद्द तूच मोडलीस ना?"

असं म्हणून त्याने ब्रश पत्र्यावर दाबला, टाच फिरवल्यासारखा फिरवला आणि उचलला. डावरीने मान तिरकी करून बघितलं.

"पान आहे की पायपुसणं?"

"तुझ्या वेलाला हेच शोभतं."

दुसरं पान बरं आलं. तिसऱ्याला टोक आलं. चिमूट लागतच नव्हती त्याला, नुसती मूठ आणि खांदा. दाब, फिरव, उचल. संध्याकाळपर्यंत दोघं गाडीभोवती कधी या अंगाला, कधी त्या अंगाला, जागा मिळेल तिथे बसत होते. तिची पानं बारीक, नाजूक. त्याची जाड, बुटकी, पण जिवंत. भांडण पानापानाला. "माझ्या फुलावर तुमचं पान आलं." "मग फूल सरकव." हे असं.

सकाळी नर्सबाई बहिणीला घेऊन आल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरा मारला, मग उलटा फेरा मारला.

"वेल सुरू कुठे होतो?" त्यांनी विचारलं.

"ते आता आम्हालाही सांगता यायचं नाही," पेंटर म्हणाला.

"आणि ही जाड पानं कुणी काढली?"

"ज्याचं प्लास्टर तुम्ही कापलंत त्याने," डावरी म्हणाली.

नर्सबाईंनी सवयीने पेंटरचं मनगट हातात घेतलं, अंगठा दाबून पाहिला, मूठ वळवून घेतली. मग गाडीपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे वेल्डरच्या दारापर्यंत चालत गेल्या आणि तिथून बघितलं.

"इथून जाडच दिसतात हो!" त्या ओरडल्या. "बारीक कुठे आहेत ते जवळ आल्यावर बघू!"

डावरीने पदराने तोंड झाकून हसू दाबलं. पेंटरने मात्र दाबलं नाही.

दोघी बहिणी गाडीत बसल्या. नर्सबाईंनी हॉर्न दाबला तर जुना भोंगाच वाजायला लागला, काढायचा राहून गेला होता. गल्लीतले लोक दचकून दारात आले, अँब्युलन्स म्हणून बघायला गेले आणि हसायला लागले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत कुणी आत गेलं नाही.

वेल्डर हात पुसत रस्ता ओलांडून आला. "पेंटर, माझ्या मेव्हण्याचा टेम्पो आहे. बघता का?"

"हिला विचार," पेंटर म्हणाला. "हद्दी मोडायचं खातं तिच्याकडे आहे. मी नुसता पानांचा."

पण डावरी तिथे नव्हती. ती शेडच्या मागच्या दारात उकिडवी बसली होती, पुढ्यात रॉकेलचा डबा. पेंटरने चपटा ब्रश तसाच टाकला होता. केसांच्या मुळाशी रंग दगडासारखा झाला होता.

"वापरता येतो, धुता येत नाही," ती स्वतःशी बडबडली. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून तिने केसांची मुळं अंगठ्याने चोळायला घेतली. रॉकेल हिरवं झालं तसं ओतून दिलं आणि दुसरं घेतलं.